आधी पत्ता

आमच्या कंट्रोल रूममध्ये किश्शांना तोटा नाही, फक्त त्यांना शेवट नसतो. माणूस घाबरून फोन करतो, आम्ही अँब्युलन्स नाहीतर आगीचा बंब पाठवतो, गाडी पोचली की स्क्रीनवर तो कॉल बंद होतो आणि पुढची घंटा वाजते. माणूस वाचला का, हे कुणी कळवत नाही. बेंगळुरूत या खुर्चीवर मला अकरा वर्षं झाली. शेवट कळलेला कॉल एकच, तो शेवटीच सांगते.

*

आमच्या शिफ्टचे प्रमुख रंगण्णा. पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट शिकवली. "नाव नंतर, काय झालं ते नंतर. आधी पत्ता." लाइन तुटली तरी गाडी निघू शकते, म्हणून.

मी मान डोलावली आणि तिसऱ्याच कॉलला विसरले. के. आर. पुरमहून एक बाई बोलत होत्या, नवऱ्याला श्वास घेता येत नव्हता. मी आपली माणुसकीने विचारून बसले, "काय झालं, अक्का?" त्यांनी सगळं सांगितलं. कधीपासून होतंय, कोणती गोळी दिली, कोणत्या डॉक्टरांची. आणि मोबाइलची बॅटरी संपली.

समोर नकाशा होता, पण फोन कुठून आला ते दाखवणाऱ्या त्यावरच्या वर्तुळात निम्मं के. आर. पुरम मावत होतं. सहा मिनिटांनी त्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून पुन्हा फोन केला. ती सहा मिनिटं मी नुसती बसून होते. रंगण्णा ओरडले नाहीत. स्वतःची कॉफी आणून माझ्यापुढे ठेवली आणि जागेवर जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

*

एचएसआर लेआउटचे फोन वेगळ्याच तऱ्हेचे. तिथे सेक्टर, मेन म्हणजे मोठे रस्ते, क्रॉस म्हणजे आडव्या गल्ल्या, सगळा आकड्यांचा कारभार, आणि राहणाऱ्याला त्यातला एकही आकडा पाठ नसतो.

एका इंजिनियरचा रूममेट बाथरूममध्ये घसरून पडला होता, डोक्यातून रक्त येत होतं. हा हिंदीत एकच सांगत होता, "मॅम, लोकेशन भेजता हूँ." हिंदी अशी की त्यातून पुणं डोकावत होतं. मी मराठीत विचारलं, "पुण्याचे का तुम्ही? मग नीट ऐका." मराठी ऐकताच त्याला रडूच फुटलं.

"काकू, मला खरंच माहीत नाही हो पत्ता. दोन वर्षं राहतोय, पण सगळे पिन बघूनच येतात."

"कचऱ्याच्या डब्यात काल मागवलेल्या जेवणाची पिशवी असेल. ती काढा आणि वरचं लेबल वाचा."

त्याने वाचलं. सेक्टर, क्रॉस, मजला, दरवाजा, आणि खाली 'कांदा नको' हेसुद्धा. गाडी निघाली.

नंतर मी हे सगळ्यांना सांगितलं आणि टेबलं हसली. "दोन वर्षं राहून स्वतःचा पत्ता माहीत नाही, याला काय म्हणावं?" मी म्हणाले. रंगण्णा मात्र हसले नाहीत. "नगबेडम्मा," म्हणजे हसू नकोस, एवढंच म्हणाले.

*

एका आजींनी खूण सांगितली, गुलमोहराच्या समोरचं घर. तो गुलमोहर मागच्या पावसात आडवा झाला होता आणि त्याची तक्रार मीच नोंदवली होती. आजी अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही.

ड्रायव्हरला म्हटलं, "गुलमोहराच्या समोर." तो म्हणाला, "जिथे आता गुलमोहर नाही, तिथे ना? सरी, कळलं." पाच मिनिटांत पोचला.

*

आता घरचं. आमचं घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या इथलंच, राहायला बसवनगुडीत. घरात मी आणि अप्पा. अप्पा निवृत्त शाळामास्तर, छातीत दोन स्टेंट बसवलेले, आणि मी ड्युटीवर गेले की दिवसभर एकटे. मी आठवडाभर रोज दुसऱ्यांच्या अप्पांसाठी गाड्या पाठवायची आणि डोक्यात मात्र आमचे अप्पा असायचे.

म्हणून फोनशेजारी ठळक अक्षरांत कागद चिकटवला. तिसरा क्रॉस, पिठाच्या गिरणीसमोर, निळं गेट, तळमजला. रविवारी त्यांची उजळणी घ्यायची.

"अप्पा, छातीत दुखलं. फोन लावलात. काय सांगाल?"

"सांगेन की माझी मुलगी तिथेच कामाला आहे, तिला विचारा."

"अप्पा, चेष्टा नको. तिथे आठ टेबलं आहेत. फोन कुणाकडे लागेल सांगता येत नाही."

"अगं, चाळीस वर्षं मुलांकडून पाढे म्हणवून घेतले मी. स्वतःच्या घराचा पत्ता विसरेन का?"

मी चिडायची. घाबरल्यावर माणसं काय काय विसरतात, ते मी रोज ऐकत होते. ते हसायचे आणि पेपर पुढे ओढायचे.

*

त्या दिवशी मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. घंटा वाजली, मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "पत्ता सांगा." पलीकडे म्हाताऱ्या माणसाचा आवाज, धाप लागलेला, कन्नडमध्ये सावकाश सांगत होता. बसवनगुडी. तिसरा क्रॉस. मी टाइप करत होते. पिठाची गिरणी त्यांनी म्हणायच्या आधी माझी बोटं ती टाइप करून मोकळी झाली, तेव्हा मला कळलं.

"अप्पा?"

"मध्ये बोलू नये," ते मराठीत म्हणाले. "निळं गेट. तळमजला. छातीत दुखतंय, डावा हात जड झालाय. आणि हे तुझ्या कागदावर नाही, पण लिहून घे, दार उघडं आहे."

मी गाडी पाठवली. आमच्यात समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मी ठेवणारच नव्हते.

"निघाली का गाडी?"

"निघाली, अप्पा. बोलत राहा."

"मग ठेवतो. तुला दुसरे फोन येत असतील."

आणि त्यांनी ठेवला.

अप्पा आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला हा किस्सा सांगतात, छातीवरच्या टाक्यांची खूण दाखवून. त्यांचा किस्सा इथेच संपतो. पुढचं त्यांना ठाऊक नाही, मी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी अप्पांनी फोन ठेवल्याबरोबर पुढची घंटा वाजली. रंगण्णांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि हातानेच दाराकडे जा म्हणून दाखवलं. मी जिना उतरले, रस्त्यावर आले, समोरून आलेली रिक्षा थांबवली आणि आत बसले.

"एल्लि, अक्का?" रिक्षावाल्याने विचारलं. कुठे जायचं.

मी तोंड उघडलं. काही आठवेना. गिरणी नाही, गेट नाही, बसवनगुडीसुद्धा नाही. रिक्षावाला मान वळवून बघत होता. मी फोन काढला आणि जो नंबर अकरा वर्षं लोक मला लावत आले, तो लावला. रंगण्णांनी उचलला.

"पत्ता सांगा."

"अण्णा," मी म्हणाले, "आमचा पत्ता काय?"

ते काही विचारत बसले नाहीत. स्क्रीनवर मीच टाइप केलेलं होतं, ते सावकाश वाचू लागले. "बसवनगुडी. तिसरा क्रॉस. पिठाच्या गिरणीसमोर." मी एकेक शब्द मोठ्याने म्हणत होते, रिक्षा चालू झाली होती. "निळं गेट. तळमजला."

मग त्यांनी राहिलेली ओळ वाचली.

"दार उघडं आहे."