मेणावरचे पडदे

आज शेजारच्या मुलीच्या वीणेच्या दांडीवर मेणात सुरांचे नवे पितळी पडदे बसवत होते. वितळलेल्या मेणाचा आणि काजळीचा वास जिन्यापर्यंत आला आणि मला अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची, बेस गिटार आठवली.

तंजावरच्या दमट हवेत तिची दांडी वाकली होती, तारांचा आवाज पकडणारे पिकअप खरखरत होते. रविवारी तिरुच्चीच्या एका वाद्यवृंदात निवड होती. ती हुकली तर अप्पा, आमचे वडील, अण्णाला बँकेच्या परीक्षेला बसवणार होते. मी पॉलिटेक्निकला होते, म्हणून मद्रासहून आलेले नवे पिकअप मीच सोल्डर केले. फणसाच्या लाकडाची नवी दांडी करून बसवायला गिटार वीणा घडवणाऱ्या आसारींकडे दिली. पडद्यांच्या जागा मी गणित करून कागदावर लिहून दिल्या होत्या.

शनिवारी आम्ही दोघं गेलो, तर त्यांनी सगळे पडदे वीणेसारखे मेणात बसवलेले.

"आसारी, उन्हात हे घसरतील हो," अण्णा रडकुंडीला आला.

"माझा कागद बघितला नाहीत?" मी विचारलं.

"कागदाला कान असतात का, अम्मा?" आसारी मला म्हणाले.

त्यांनी अण्णाला एकेक सूर वाजवायला लावला. पडदा केसभर सरकवायचा, सूर जुळला की चाकूने रेघ मारायची. मग मेण खरवडून त्याच रेघांवर करवतीने खाचा पाडल्या आणि पडदे ठोकून पक्के केले. मेण फक्त जागा शोधण्यापुरतं होतं.

अण्णाची निवड झाली. माझं गणितही बरोबरच होतं, असं मी पुष्कळ वर्षं सांगत असे. खरं तर ते कुणी ताडून पाहिलंच नाही. त्या कागदाला आसारींनी हातांचं मेण पुसलं होतं.