टाकेबाईंचा आनंदाचा तास

स्पष्टच सांगतो, ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. टाकेबाईंचा तास मला हवा होता. मी गणिताचा मास्तर. सातवीच्या पोरांना अपूर्णांक म्हटलं की घाम फुटतो, त्यात माझी स्वतःची लेकही आली. आणि शाळेनं वेळापत्रकात काय घातलं? सोमवारी आणि गुरुवारी तिसरा तास, आनंद. चौथा भूगोल.

टाकेबाई म्हणजे आमच्या शिवणाच्या बाई. सव्वीस वर्षं त्यांनी पोरांना धावदोरा, काजं, बटणं शिकवली. मग शिवण हा विषयच बंद झाला. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, घरी अंथरुणाला खिळलेली नणंद. मुख्याध्यापकांनी आनंदाचं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. "वर्षभर बघू बाई. तपासणीला साहेब येतील. त्यांना पटलं तर तुम्ही राहाल, नाहीतर तास गणिताला आणि तुम्ही घरी."

शिक्षकांच्या खोलीत आम्ही काय कमी थट्टा केली? "बाई, आज आनंदाचा गृहपाठ काय?"

बाई चष्मा पुसत म्हणायच्या, "तुम्हाला झेपायचा नाही हो सर."

पुस्तकातला पहिलाच धडा होता, आरशात बघून हसा. पोरं हसली. बाईंनी घरी जाऊन नणंदेला सांगितलं, तर ती म्हणाली, "मला बघायला येणारे लोक अगदी तसंच हसतात, वहिनी." पुढच्या तासाला बाईंनी पुस्तक कपाटात टाकलं आणि सुयांचा डबा बाहेर काढला.

नियम सोपा होता. घरात कुणाचं काही फाटलं-उसवलं असेल तर ते शोधायचं, त्याला न सांगता शिवायचं आणि जागच्या जागी ठेवून द्यायचं. मग आपल्याला काय वाटलं ते वर्गात सांगायचं, जसं असेल तसं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. कुणाचे आजोबा शिवलेली पिशवी खांद्याला लावून दिवसभर शिट्टी वाजवत हिंडले. कुणाची ताई उलट खेकसली, कारण आत राहिलेली टाचणी तिला टोचली.

"मग वाईट वाटलं?"

"हो बाई."

"वाटणारच. बस खाली."

एवढंच. ना कौतुक, ना उपदेश. हे काय शिकवणं झालं, असं म्हणत मी तास गणिताला मिळावा म्हणून लेखी अर्ज केला.

तपासणीच्या दिवशी साहेब माझा अर्ज हातात घेऊनच वर्गात शिरले. मलाही बोलावलं होतं. मी दाराशी उभा राहिलो.

"कोण कोण आनंदी आहे?" साहेबांनी विचारलं. "हात वर करा बघू."

एकतीस पोरांत नऊ हात वर आले. मुख्याध्यापकांचं तोंड एवढंसं झालं.

"नऊच?"

"आज नऊच, साहेब," बाई म्हणाल्या. "मागच्या तासाला सोळा होते. खोटा हात वर करायला मी शिकवलेलं नाही."

साहेब पहिल्या बाकाकडे वळले. तिथं माझी लेक बसली होती, हात खाली ठेवून.

"तू का नाही गं?"

ती उभी राहिली. "मी बाबांच्या पँटची उसवलेली दुमड शिवली. तीन आठवडे झाले. त्यांना अजून कळलंच नाही."

अख्खा वर्ग माझ्या पायांकडे बघायला लागला. मीही बघितलं. तीच पँट होती. डाव्या पायाला टाके वाकडेतिकडे, पण घट्ट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे ही पोर रोज सकाळी माझ्या पायांकडे बघत असणार, आणि मी तिच्या वहीतल्या चुकांवर लाल रेघा मारत होतो.

साहेबांनी अर्ज माझ्यापुढे धरला. "सर, हा तास तुम्हाला हवा होता ना?"

"नको," मी म्हटलं. "बाईंकडेच राहू द्या." अर्ज घेऊन मी तिथंच फाडला.

साहेब थोडा वेळ काहीतरी लिहीत बसले. मग उठता उठता बाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षीही चालवा."

ते गेल्यावर मी बाईंपुढे जाऊन उभा राहिलो. "बाई, माझं चुकलं."

"माझ्याशी मागाहून बोला," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडे जा आधी. ती तीन आठवडे थांबलीय."

मी पहिल्या बाकावर लेकीशेजारी जाऊन बसलो.