अर्धा निरोप

फोन ठेवण्याआधी नाना समोरच्याकडून वदवून घ्यायचे, "मी काय सांगितलं ते परत सांगा." 'उद्या अर्धा लिटर' असं म्हणून दाखवल्याशिवाय दूधवाल्याची सुटका नसे. धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत यावरून त्यांची फार टिंगल व्हायची, आणि त्यात मीही मागे नव्हतो.

नाना फौजेतले निवृत्त टेलिफोनवाले. सत्तरीला टेकल्यावर माझ्याकडे चित्रकला शिकायला आले. मला वाटलं, गणपती, डोंगर, नदी असं काही काढतील. त्यांनी पहिल्या दिवसापासून एकच चित्र धरलं: खंदक, मातीच्या भिंतीवरून गेलेली काळी तार, आणि कानाला फोन लावून उकिडवा बसलेला जवान. तार, वाळूची पोती झकास उतरली. चेहरा मात्र रोज पुसला जाई.

"नाना, फौजी माणूस आहे, जरा करारी करा की," मी म्हटलं.

"करारी? मास्तर, माझी पँट ओली झाली होती."

मी हसलो. ते हसले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. लढाईत पुढच्या खंदकात साक्रीकडचा त्यांचा दोस्त होता. त्याला फोनवरून निरोप द्यायचा होता: मागे या, पण तोफा थांबल्यावर. 'मागे या' एवढं म्हणून झालं आणि शेजारीच गोळा पडला. नानांच्या हातून फोन सुटला. ते गुडघ्यांत डोकं घालून बसून राहिले. दोस्त तेवढ्याच निरोपावर खंदकाबाहेर निघाला आणि संपला.

"त्याच्या बायकोला नुसतं तोंडानं सांगवत नाही. म्हणून काढतोय."

चेहरा अखेर जमला. डोळे फाटलेले, तोंड उघडं. त्या चित्राकडे पाठ करून बसायचं मला भय वाटायचं, हे कबूल करतो.

चित्र चादरीत गुंडाळून आम्ही एसटीनं निघालो. साक्री जवळ येऊ लागली तसे नाना पुढची दांडी घट्ट धरून बसले. "मास्तर, परत फिरू या का?" असं तीनदा विचारलं. बाई शिव्याशाप देतील की नाना तिथंच कोसळतील, काही सांगता येत नव्हतं.

त्या दोस्ताच्या घरी वहिनी, म्हणजे त्याची बायको, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "हाऊ तो नही," अहिराणीत म्हणाल्या.

"नाही वहिनी. हा मी." आणि नानांनी सगळं सांगितलं, अगदी फोन सुटल्याचंही. आवाज इतका कापत होता की मध्येच थांबतील असं मला वाटलं. पण ते शेवटपर्यंत बोलले.

वहिनींनी सूप बाजूला सारलं. "बठ्ठा लोक माले सांगतस, तो शूर व्हता, शूर व्हता. हाई कोनीच सांगं नही." मग म्हणाल्या, "माफ करानं माले जमाव नही, भाऊ. पन दूरथीन येल शेतस, जेवीसन जा."

नाना जेवले. ताटात काही ठेवलं नाही. चित्र वहिनींनी ठेवून घेतलं.

पुढच्या थंडीत नाना गेले. तेराव्याला वहिनी साक्रीहून एकट्या आल्या. मी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माफ केलंत का नानांना?"

"नही," त्या म्हणाल्या. "पन भ्यात भ्यात का व्हयेना, खरं सांगाले मना दारवर तोच एक उना."