हजार सीसीचा चढ

बोरिवलीहून सकाळी निघालो तेव्हा आमच्या आठशे सीसीच्या जुन्या गाडीत मी, आई, बाबा आणि तांदळाच्या दोन गोण्या होत्या. गोण्या आईच्या हट्टाच्या. गेल्या गणपतीला मालवणला जाताना घाटात गाडीने मान टाकली आणि गुडघेदुखीच्या आईला उतरून चढ चालावा लागला. तेव्हापासून तिने गावाचं नावच टाकलं होतं. नवी गाडी घ्यायची तर भरून चालवून बघायची, ही तिची अट. गाडी नाही पटली, तर यंदाच्या गणपतीला गावच्या घरात आई नसणार होती.

पहिला थांबा अंधेरीचं शोरूम. बाबांनी जन्मभर बस चालवली, त्यामुळे त्यांचा हिशेब सरळ. इंजिन मोठं, जोर मोठा. तिथली बाराशे सीसीची गाडी त्यांना बघताक्षणी आवडली. हॉर्सपॉवर ऐंशीच्या आसपास. गोण्या भरून, एसी लावून फ्लायओव्हरवर नेली. चढली, पण धापा टाकत. आईने गोण्या परत आमच्या गाडीत टाकायला लावल्या.

पवईचा तलाव डावीकडे ठेवून मुलुंड गाठलं. गरम खमण खाऊन शोरूममध्ये गेलो. स्वप्नाली नावाच्या मुलीने हजार सीसीची गाडी दाखवली.

"हजार? अगं, मी रिटायर झालोय, खुळा नाही झालो," बाबा म्हणाले.

"काका, सीसी म्हणजे इंजिनच्या पोटात जागा किती. हॉर्सपॉवर म्हणजे ते काम किती भरभर करतं. हिचा टर्बो हवा दाबून आत घालतो, म्हणून हजारातच शंभर हॉर्सपॉवर मिळते."

"म्हणजे चूल तेवढीच, पण फुंकणी आहे," आई म्हणाली.

स्वप्नाली बघतच राहिली. "काकी, आता मी सगळ्यांना असंच सांगणार."

गोण्या डिकीत टाकून चौघं भांडुपला डोंगराकडच्या चढावर गेलो. मी चालवत होते. चढ अर्धा झाल्यावर आई म्हणाली, "थांबव." मागे रिक्षावाला हॉर्न बडवायला लागला. "आता चढव."

ब्रेक सोडला. गाडी क्षणभर घुटमळली.

"वाट लागली," मी पुटपुटले.

"फुंकल्याबरोबर जाळ होतो काय? पाय दाब."

दाबला. गाडीने असा जोर धरला की बाबांनी पुढची सीट घट्ट पकडली. वरपर्यंत ती कुठे अडखळली नाही. बाबांनी मग निमूटपणे बुकिंगच्या कागदावर सही केली.

परतताना जुन्या गाडीतून पवईला ट्रॅफिकमध्ये अडकलो. शेजारी दोन हजार सीसीची भलीमोठी गाडी आमच्याच चालीने सरकत होती. बाबांना त्याचं फार हसू येत होतं. मला मात्र स्वतःचं हसू आलं. महिनाभर मी आकडे ताडून बघत होते, आणि आईला एवढंच कळायला हवं होतं की चढावर गाडी आपल्याला उतरवणार तर नाही ना.

तेवढ्यात तिने गावी मोठ्या काकीला फोन लावला.

"वयनी, यंदा मी येतलंय." (वहिनी, यंदा मी येणार आहे.)

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. आई खिडकीबाहेर बघत हसली.

"नाय गो, चलत नाय. बसान येतलंय." (नाही गं, चालत नाही. बसून येणार.)