हात धू आधी, सुजे

सुजाता गेली, हे तिच्या धाकट्या भावानं, मिलिंदनं, मला फोनवर सांगितलं तेव्हा मी आठवीच्या गणवेशाचं कापड कापत होते. "ताई, सकाळी चहा ठेवायला उठली आणि तिथंच खाली बसली... डॉक्टर येईपर्यंत संपल्तं." खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. सात महिने आम्ही बोलत नव्हतो. भांडण अर्धं टाकून कुणी जातं का? पण या बाईचं आयुष्यभर असंच. दुसऱ्याला ताटकळत ठेवायचं आणि स्वतः बिनघोर. दीड महिना झाला, माझा राग काही उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही दोघी पिंपळगाव रेणुकाईच्या. तिचं घर बुद्धविहाराजवळ, वडील शिक्षक. आमचं देवीच्या देवळामागं, घरची शेती. आमच्या घरी तिच्याकडचं पाणी चालत नव्हतं. मी मात्र तिच्या आईच्या हातचा चहा प्यायचे आणि तोंड पुसून घरी जायचे. दहावीपर्यंत एकाच बाकावर बसलो. पुढं मी लग्न होऊन जालन्यात मस्तगडला आले आणि गणवेश शिवायचं दुकान टाकलं. ती आष्टीला मराठीची शिक्षिका झाली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एसटीनं थेट माझ्या दुकानात. पिशवी टेबलावर, तीही मी खडूनं आखलेल्या कापडावरच, आणि हात माझ्या डब्यात. "हात धू आधी, सुजे!" मी ओरडायचे. ती पहिला घास तोंडात टाकूनच मग हात धुवायला जायची. ही नववीपासूनची खोड. वर म्हणायची, "मीठ कमी हाय."

मग पिशवीतून कागद निघायचे. सुजाता तेरा-चौदा वर्षांच्या पोरींसाठी कादंबऱ्या लिहायची. तीन छापून आल्या, आणि तिन्ही पहिल्यांदा मलाच वाचाव्या लागल्या. "आपल्या पुस्तकांत पोरगी एक तर देवी, न्हाई तर कैदाशीण," ती चिडायची. "आणि मैत्रीण कशाला, तर हिरोइनीच्या गजऱ्याला पिन लावायला. अगं, त्या वयात आपण मैत्रिणीवर जीव टाकतो आणि तिच्या मार्कांवर जळतो, एकाच तासाला. ते कुठं हाय?" त्यासाठी तिची एक तऱ्हा होती. लिहिलेलं प्रकरण ती आठवीच्या पोरींना वाचून दाखवायची आणि दोनच प्रश्न विचारायची. कुणाकुणाला हिचा राग आला? हात वर. कुणाकुणाला हिच्याशी मैत्री करावी वाटते? हात वर. दोन्ही वेळेला तेच हात वर आले तर प्रकरण पास. नुसता राग आला तर फाडायची, आणि नुसतीच आवडली तरी फाडायची. "येडी झालीस का? चांगलं लिहिलेलं फाडून राह्यली!" मी म्हणायचे. "सगळ्यांना आवडली म्हणजे खोटी झाली, मंदे." डोक्याला ताप नुसता.

जायच्या सात महिने आधी ती चौथ्या कादंबरीचे कागद घेऊन आली. मी मशीन थांबवून वाचायला घेतलं, आणि थोड्याच पानांत थांबले. त्यात रेवा नावाची पोरगी मैत्रिणीला गाडीची वेळ मुद्दाम चुकीची सांगते. ती रेवा म्हणजे मी.

नववीत असताना एका शनिवारी भोकरदनला वक्तृत्व स्पर्धा होती. शाळेतून बोलणार एकटी सुजाता. भाषण मीही पाठ केलं होतं, पण मी नुसती सोबतीला. आदल्या संध्याकाळी सर मला रस्त्यात भेटले. म्हणाले, आठची एसटी नको, जीप ठरवलीय, सातला निघू, सुजाताला निरोप दे. मी तिच्या घरी गेले. तिच्या आईनं चहा दिला. तो पिता पिता सुजातानं विचारलं, "उद्या आठलाच ना?" आणि मी म्हणाले, "हो, आठलाच." घरून ठरवून गेले नव्हते. पण तोंडातून निघालं, आणि मी ते परत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सातला सर वैतागले, ही पोरगी कधी वेळेवर येत नाही म्हणाले, मंदा, तूच बोल. मी बोलले. दुसरा नंबर आला. सुजाताला सांगितलं, सरांनी ऐनवेळी बदललं. तिनं मान हलवली. मला वाटलं, विषय संपला.

"तुला कधी कळल्तं?" मी दुकानात विचारलं.

"सोमवारीच. सर म्हणले, मंदाजवळ निरोप दिल्ता की."

"मंग बोलली का न्हाई?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

तेहतीस वर्षं! माणसानं थांबावं तरी किती? "या वयात माझी अब्रू काढायला निघालीस?" मी गिऱ्हाइकांसमोर ओरडले. ती म्हणाली, "अगं, रेवा ह्या पुस्तकातली सगळ्यात खरी पोरगी हाय. पुढं वाच तर." मी वाचलं नाही. कागद तिच्या अंगावर फेकले. तिनं खाली वाकून एकेक पान गोळा केलं, त्यांना चिकटलेले दोरे झटकले आणि गेली. त्या शनिवारी माझा डबा तसाच राहिला. पुढं एकदा तिचा मेसेज आला, 'शेवटचं प्रकरण अडलंय.' मी उत्तर दिलं नाही... ते मात्र आता खातंय मला.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी मिलिंद तेच कागद घेऊन आला. "ताई, तिनं सांगून ठेवलंय, मंदी नको म्हणली तर बिलकुल छापायचं न्हाई. जल्दी न्हाई, पण सांगा." बघा, जातानासुद्धा काम माझ्याच गळ्यात. या वेळी मी पुढचं वाचलं. सोमवार उजाडतो. दुसऱ्या पोरीला सगळं कळलेलं असतं. मधल्या सुट्टीत रेवा डबा उघडते, आणि ही शेजारी बसून न विचारता पहिला घास घेते. खाली लिहिलंय, 'तिनं ठरवलं, भांडण नंतर. आधी जेवू.' मी कात्री खाली ठेवली आणि टेबलावर डोकं टेकून रडले. नववीपासूनची खोड म्हणजे त्या सोमवारपासूनची, हे मला कधी कळलंच नव्हतं. मी तिला हावरट म्हणत आले. शेवटच्या पानावर मोठ्या झालेल्या दोघी भेटतात, रेवा तोंड उघडते, आणि पुढं अर्धं पान कोरं. कडेला पेन्सिलीनं, 'हे माझ्याच्यानं होत न्हाई. मंदीला विचारायचं.'

मी आष्टीला तिच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंना विचारून आठवीच्या वर्गात उभी राहिले आणि ते गाडीचं प्रकरण वाचलं. मग तिचेच दोन प्रश्न. कुणाकुणाला रेवाचा राग आला? सगळ्यांचे हात वर. एकीनं तर दोन्ही वर केले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाकुणाला हिच्याशी मैत्री करावी वाटते? एकही हात नाही. मागच्या बाकावरची एक किडकिडीत पोरगी उठली. "मॅडम, हिनं नंतर खरं सांगितलं का तिला?"

"नाही," मी म्हणाले. "ती रेवा मीच आहे. जीप सातला होती. मला माहीत होतं, आणि मी तुमच्या सुजाता मॅडमला आठ सांगितलं. मला बोलायचं होतं म्हणून."

मग तीच पोरगी म्हणाली, "मंग दुसरा प्रश्न परत विचारा ना." मी विचारला. आधी तिचा हात आला, मग दोन, मग बरेच. दोन पोरींनी मात्र शेवटपर्यंत हात वर केला नाही. सुजाता असती तर म्हणाली असती, बराबर हाय त्यांचं, मंदे, पुन्हा लिही.

घरी येऊन मी त्या कोऱ्या जागेत वर्गात म्हणाले तेवढंच लिहिलं आणि मिलिंदला कळवलं, छाप. दोन ओळींचं काम होतं. ती जिवंत असताना एका शनिवारी, जेवता जेवता होऊन गेलं असतं. मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. खमक्या म्हणून मिरवणाऱ्या आम्ही दोघी! अजून शनिवारी दुपारी डबा उघडला की मी तो टेबलाच्या कडेला, तिच्या हाताला येईल असा सरकवते आणि दाराकडं बघत राहते. ओरडायचं असतं मला, हात धू आधी, सुजे. डबा निवून जातो. मग मीच उठते, हात धुते आणि जेवायला बसते. मीठ कमीच असतं.