मार्कर जुन्याच रेषेवर

मी यंत्राच्या पडद्यावरचा मार्कर, म्हणजे रेषेचा आकडा दाखवणारा ठिपका, चुकीच्या रेषेवर ठेवला होता. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की अजून पांढरकवड्याकडची ती वनचौकी आठवते. वायरलेसचा अँटेना बिघडलेला, आणि वाघाच्या मागावर गेलेल्या दोघा वनरक्षकांची काही खबर नाही. मी शिडी चढून सांधा जोडला, उतरून अँटेना तपासायच्या अॅनालायझरच्या पडद्यावर मार्करचा आकडा खाली आलाय का पाहिलं, तर ढिम्म! पुन्हा चढलो, पुन्हा तोच आकडा. मग उजेड पडला: मार्कर दुरुस्तीआधी साठवलेल्या रेषेवर बसला होता, ताजी रेषा शेजारीच हवी तशी खाली उतरलेली. शिडी धरून वैतागलेल्या वनरक्षक बाईंनी वायरलेस उचलला. जंगलातून त्या दोघांचं खरखरत उत्तर आलं, तशा त्या हसल्या, "हो भाऊ, येऊन राह्यला तुमचा आवाज. अँटेना कवाचाच बरा झालता, सायेबच बिघडले होते!"