किशोरी बेटावर निघाली तेव्हा

अनंताचा सहसा कुणावर विश्वास बसत नसे, आणि हे तो वर अभिमानाने सांगायचा. दिघीहून खाडी ओलांडून आगरदांड्याला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाड्या लावून घ्यायचं त्याचं काम. "घ्या मागं, घ्या, घ्या, बस!" असं ओरडत अठरा वर्षं गेली. हँडब्रेक ओढलाय म्हणणाऱ्याच्या गाडीत तो स्वतः वाकून बघायचा. ताडपत्रीखाली सिमेंट आहे म्हणणाऱ्या एका टेम्पोतून त्याने दोन जिवंत बोकड काढले होते. घरी दूध आलं की थेंब नखावर घेऊन बघायचा, आणि एका डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्याला दाखवल्याशिवाय गिळायचा नाही.

अशा माणसाला त्याच्या मुलीने, प्राप्तीने, जानेवारीत पनवेलहून फोन करून सांगितलं, "बाबा, मी आईला चार दिवस फिरायला नेतेय. लक्षद्वीपला. तिकडचं एक लांबचं बेट आहे, शांत, गर्दी नाही. पांढरी वाळू, नारळाची झाडं, समुद्र..."

"समुद्र?" अनंता म्हणाला. "भरतीला समुद्र आपल्या परसात येतो. तो बघायला विमानानं जायचं?"

"तो वेगळा असतो बाबा. निळा."

"आणि मी?"

पलीकडे प्राप्ती जरा थांबली. "तुम्हाला सुट्टी कुठे मिळते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती जी जरा थांबली होती, तिथेच अनंताच्या मनात किडा शिरला. कारण वाळू आणि नारळ सोडा, किशोरी पाण्यावर पाऊल टाकत नाही हे सगळ्या दिघीला माहीत होतं. तिचं माहेर राजपुरी, खाडीच्या पलीकडे. उभं राहिलं तर तिथली घरं दिसतात. फेरीबोटीने पाव तासाचं काम, आणि त्या बोटीवर नवरा. तरी आईला, नीराबाईला, भेटायचं तर किशोरी एसटीने म्हसळ्यावरून खाडीला वळसा घालून जायची. अर्धा दिवस जायचा, पण बोटीत बसायची नाही. एकोणीस वर्षांत एकदाही बसली नव्हती.

कारणही सगळ्यांना माहीत होतं. अनंताची तेव्हा स्वतःची बोट होती, त्याच्या आईच्या नावाची, 'केसरमाऊली'. नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या खेपेला ती बाहेर गेली ती परत आली नाही. तिच्यावर तिघे होते. दोघांना दोन दिवसांनी दुसऱ्या बोटीने उचललं. तिसरा किशोरीचा धाकटा भाऊ विनेश, चोवीस वर्षांचा. तो सापडलाच नाही.

आणि आता ही बाई बेटावर निघाली होती.

अनंताने आधी आजाराचा संशय घेतला. काहीतरी मोठं दुखणं निघालं असेल, मायलेकी आपल्यापासून लपवत असतील. त्याने कपाटातले कागद चाळले. डोळ्यांच्या चष्म्याचा एक नंबर सोडला तर काही नव्हतं. मग त्याला वाटलं, प्राप्तीने तिकडचा कुणी मुलगा बघून ठेवलाय आणि आईला दाखवायला नेतेय. तेही जुळेना. मुलगा दाखवायला किशोरी पाण्यावर गेली नसती. तिने सांगितलं असतं, आण त्याला इकडं.

एका सोमवारी अकराच्या बोटीवर तो गाड्या लावून घेत होता. दोन जीप आणि एक वाळूचा डंपर चढला. मागून पायी माणसं आली, आणि त्यांत किशोरी होती. चटणी रंगाचं लुगडं, हातात रिकामी पिशवी. ती आली, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि डोळे मिटून घेतले. बोट सुटली. अनंताच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. आगरदांड्याला सगळे उतरले, ही उतरली नाही. त्याच बोटीने परत आली. येताना तिचे डोळे उघडे होते.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "पलीकडं काय काम होतं?"

"काय न्हाय. जाऊन आले."

दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी तर कठडा सोडून बाकावर बसली. अनंताला तिकिटं फाडणाऱ्या भाऊसाहेबाच्या पोराने टोमणा मारला, "वहिनी सराव करतायत वाटतं!" तो हसला नाही. सराव तर दिसतच होता. तो कशासाठी चाललाय, हे कळत नव्हतं.

गुरुवारी पोलीस ठाण्यातून एक हवालदार दारात आला. हातात अर्ज, त्यावर किशोरीचा फोटो. किशोरी बाजारात गेली होती.

"बेटांवर जायला परवाना लागतो," हवालदार म्हणाला. "त्यासाठी आमचा दाखला. गुन्हाबिन्हा काही नाही ना वहिनींवर?"

"तिच्यावर? न्हाय."

"ठीक. आणि हे कासिम कोया कोण तुमचे?"

"कोण?"

"वहिनींना तिकडच्या या माणसाने बोलावलंय. नाव, पत्ता, फोन, सगळं दिलंय. शाळेत मास्तर आहे. ओळखीचा असल्याशिवाय कोण कशाला बोलावेल?" हवालदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं. अनंता रोज दुसऱ्यांकडे ज्या नजरेने बघायचा, तीच नजर. "तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत हाय की," अनंता म्हणाला. "मुलीच्या ओळखीचा हाय."

खोटं बोलताना त्याचे कान तापले. हवालदार गेल्यावर तो घरात आला. किशोरी फोन बहुतेक घरीच विसरायची, तसा तो देव्हाऱ्याखाली चार्जिंगला होता. अनंताने आयुष्यात तिचा फोन उघडला नव्हता, तशी गरजच पडली नव्हती. प्राप्तीच्या निरोपांत खाली खाली जाता जाता एक फोटो आला.

एका झाडाखाली एक बाक होता. दोन दगडांवर ठेवलेली जाड फळी, ऊन-पावसाने राखाडी पडलेली. फळीवर निळ्या रंगाची अक्षरं. पुढची-मागची गेलेली, मधली तेवढी शिल्लक: 'सरमाऊ'.

अनंता तिथेच जमिनीवर बसला.

ती निळी अक्षरं त्याने स्वतः काढली होती. 'ऊ'ची शेपटी जरा जास्तच लांब गेली म्हणून विनेश हसला होता. बोटीच्या नाळेजवळची, पुढच्या टोकाची फळी होती ती, सागाची. पावसाळी पाणी दक्षिणेकडे ओढतं. ते तिला घेऊन किती महिने फिरलं असेल कुणास ठाऊक.

फोटोखाली प्राप्तीने लिहिलं होतं की कोळ्यांच्या एका फेसबुक ग्रुपवर तिला हा दिसला. कासिम कोया शाळेत हिंदी शिकवतो, त्याला अक्षरं वाचता आली, आणि त्याने विचारलं होतं की ही बोट कुणाची, कुणी ओळखतं का. खाली किशोरीचं एका ओळीचं उत्तर होतं: 'बाबांना सांगू नको.'

तो त्या ओळीकडे बघत बसला. का सांगू नको? बोट त्याची होती. तिच्याइतकाच, किंबहुना तिच्याआधी त्याचा हक्क होता. पण हक्काचा विचार मनात आला तसा तो विरलाही, कारण का सांगू नको हे त्याला आतून माहीत होतं. एकोणीस वर्षं तो ज्याला भीत होता तेच आता दारात उभं होतं.

बोट शेवटची सुटली त्या सकाळी तिच्यावर तांडेल म्हणून, म्हणजे ती चालवायला, अनंता जायचा होता. आदल्या दिवशी इंजिनाचा आवाज त्याला बरा वाटला नव्हता. आभाळही दक्षिणेला काळं धरून होतं. दोन खलाशी बर्फ भरून तयार, गावातल्या बाकीच्या बोटी सुटलेल्या. मी भ्यालो, असं म्हणायची लाज वाटली. तो गोधडी घेऊन पडला आणि म्हणाला, ताप आलाय. विनेश राजपुरीहून सहज आला होता. तो म्हणाला, भावोजी, तुम्ही झोपा, मी नेतो. 'नको नेऊ' एवढे दोन शब्द अनंताच्या तोंडातून निघाले नाहीत. इंजिनाचंही तो बोलला नाही. बोललं असतं तर ताप खोटा पडला असता.

किशोरी बाजारातून आली तेव्हा तो अंगणात होता. तिने टोपली ठेवली आणि वलांडीवर वाळत घातलेले बोंबील उलटे करायला लागली. फोन त्याच्या हातात होता, तो तिने पाहिला.

"कोया मास्तर कोण, ते कळलं," तो म्हणाला.

"बरं झालं."

"मला का सांगितलं न्हायस?"

तिचे हात चालूच राहिले. "तुमी आला असता. मला तिथं एकटीनं जायचं होतं. त्याची भईण म्हणून."

"बोट माझी होती, किशोरी."

"बोट तुमची. भाऊ माझा."

त्याला राहवलं नाही. एवढ्या वर्षांचा संशय गळ्यापर्यंत आला होता. "तुला वाटतं, माझ्यामुळं गेला तो. व्हय ना? गावात कुणी काय सांगितलंय तुला?"

आता तिने बोंबील सोडले. लुगड्याला हात पुसले. "कुणी कशाला सांगाया पायजे? त्या दिवशी तुमच्या कपाळावर माझा हात होता. गार होतं कपाळ. ताप नव्हता तुमाला."

"मग तू का न्हाय बोललीस? तेव्हाच?"

"काय बोलू? मलाबी वाटलं, बरं झालं, नवरा घरी राह्यला." ती एवढंच म्हणाली आणि तिचं तोंड वाकडं झालं. "तो बोटीत चढला तवा मी दारात होते. मीबी न्हाय म्हटलं नको जाऊ म्हणून. तुमचं खोटं तुमाला ठाऊक, माझं मला. म्हणून पाण्याकडं बघवंना."

दुसऱ्या दिवशी किशोरीच्या दाखल्यासाठी हवालदाराला द्यायचा राहिलेला कागद अनंताने स्वतः ठाण्यात नेऊन दिला.

फेब्रुवारीत ती गेली. प्राप्ती घ्यायला आली होती. म्हसळ्याचा रस्ता सोडून त्या दोघी फेरीबोटीने आगरदांड्याला, तिथून मांडव्याला आणि तिथूनही बोटीनेच मुंबईला गेल्या. विमान त्यानंतर. किशोरीच्या पिशवीत एक नारळ होता. प्राप्ती म्हणाली, आई, तिकडे नारळच नारळ आहेत. किशोरी म्हणाली, ते त्यांचे. अनंताने त्यांना जागा करून दिली, दोन गाड्यांमधून वाट काढून दिली, आणि पलीकडे उतरताना काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण मागून ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

जाण्यायेण्यासकट ते पाच दिवस तो सारखा हिशेब मांडत राहिला. मास्तर खरा असेल का? फळी खरी असेल का? फोटोत तर काहीही करता येतं. की ती तिकडेच कुणाला सगळं सांगून टाकेल? प्राप्तीला तर नक्की सांगेल. पोरगी यापुढे आपल्याकडे कशी बघेल? त्याने एका मारुतीवाल्याला विनाकारण तीन वेळा मागे-पुढे करायला लावलं.

ती परत आली ती उन्हाने काळवंडून. चहा पिता पिता थोडं थोडं सांगत गेली. फळी खरीच होती. नीरफणसाच्या झाडाखाली मास्तरच्या आईने बाक करून ठेवली होती. त्या म्हातारीने हाताच्या खुणा करून सांगितलं, पाऊस संपता संपता लाटेबरोबर आली, आणि कुणाची तरी असणार म्हणून जाळली नाही. तिने तेव्हा प्रार्थनाही म्हटली होती. माणूस मात्र आला नव्हता, ना तेव्हा, ना कधी.

"मी बसले त्या बाकावर," किशोरी म्हणाली. "मग नारळ सोडला पाण्यात. उथळ पाणी, तळ दिसतो. नारळ जाईचना पुढं, परत परत पायाशी यायचा. प्राप्ती हसाया लागली, मग मीबी हसले."

"माझं नाव निघालं का तिथं?"

"निघालं. बोट कुणाची म्हणून विचारलं त्यांनी. माझ्या नवऱ्याची, म्हटलं."

"आणि?"

"आणि काय?"

अनंताने ताडपत्रीकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे बशी पुसत होती. मग म्हणाली, "उद्या अकराच्या बोटीनं राजपुरीला जाते. आईला सांगाया."

"काय सांगणार हायेस?"

"फळीचं मी सांगीन. तापाचं तुमी सांगा. मी न्हाय सांगायची."

रात्रभर त्याला वाटत राहिलं की हा डाव आहे, किशोरी आणि प्राप्तीने आधीच ठरवलेला. तरी दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली आणि कठड्याशी तिच्या शेजारी उभा राहिला. नेहमीच्या प्रवाशांना त्याला असं रिकाम्या हाताने उभं बघून चमत्कारिक वाटलं.

नीराबाई ऐंशीच्या पुढची, कानाने जड. ती ओटीवर सुकवलेला जवळा पाखडत होती. किशोरीने फळीचं सांगितलं, फोटो दाखवला. म्हातारीने तो फोन डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग अनंता म्हणाला, "आई, त्या दिवशी मला ताप नव्हता."

"काय?"

त्याला परत सांगावं लागलं, मोठ्याने. इंजिनाचंही सांगितलं. शेजारच्या ओटीवर जाळं विणणारे दोघे हात थांबवून बघायला लागले.

नीराबाईने किशोरीकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

म्हातारी उठली, सूप उचललं आणि आत गेली. दोघं ओटीवर तासभर बसले. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. शेवटी दोनच्या बोटीने परत आले.

पुढे महिनाभर राजपुरीहून काही कळलं नाही. शिमगा जवळ आला तेव्हा एका मासेवालीकडून निरोप आला: होळीला या, येताना तो फोटो कागदावर मोठा काढून आणा, आणि जावयालाही आणा.

"मला कशाला बोलावलं असंल?" अनंताने विचारलं. "सगळ्या कोळीवाड्यासमोर काय बोलंल ती?"

"मला न्हाय ठाऊक," किशोरी म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

अनंताने फोटो श्रीवर्धनला जाऊन मोठा करून आणला. दुकानदाराने रंग बरोबर काढलाय की नाही हे त्याने उन्हात नेऊन दोनदा तपासलं, आणि होळीच्या दिवशी सकाळी तो फोटो काखेत धरून किशोरीच्या मागोमाग बोटीत चढला.